कुलूप पाकिटातच राहिलं

२६ नोव्हेंबर २०२१. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, अमेरिकेत दुकानांवर सवलतींसाठी झुंबड उडते तो दिवस. मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावच्या एका वडिलांनी त्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलाला सोबत नेऊन नऊ मिलिमीटरचं सिग सॉअर पिस्तूल विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी आई मुलाला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. नाताळच्या भेटीची चाचणी म्हणून तिने त्या दिवसाबद्दल सोशल मीडियावर लिहिलंही. पिस्तुलासोबत दुकानातून एक केबल लॉक मिळालं होतं. वीतभर लांबीची, प्लास्टिकचं आवरण चढवलेली तार आणि तिच्या टोकाला छोटंसं कुलूप, एवढीच ती वस्तू. ही तार पिस्तुलातून ओवून कुलूप लावलं की गोळी झाडताच येत नाही. पुढे खटल्यात ते लॉक ज्युरीसमोर आलं, तेव्हा ते अजून न फोडलेल्या पाकिटातच होतं.

खरेदीनंतर चौथ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला सकाळी, शिक्षकांना त्या मुलाच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं आणि रक्तबंबाळ माणसाचं चित्र दिसलं. बाजूला लिहिलं होतं, की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. मुलाला लवकरात लवकर समुपदेशकाकडे न्या, असं सांगितलं. बैठक जेमतेम पंधरा मिनिटं चालली. आईवडील त्याला घरी न नेता निघून गेले, शाळेने त्याला वर्गात परत पाठवलं आणि त्याचं दप्तर कोणीही उघडून पाहिलं नाही. घरी नवीन पिस्तूल आलंय, हे आईवडिलांनी सांगितलं नाही. दुपारी एक वाजायच्या आत चार विद्यार्थी गोळ्या लागून कोसळले होते. चौघेही त्या हल्ल्यात गेले. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षिका जखमी झाल्या.

ऑक्सफर्ड आमच्याच ओकलंड काउंटीत आहे. मोटार कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे ट्रॉय, नोव्हाय या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत, आम्ही त्यांतलेच एक. त्या दिवशी इथल्या प्रत्येक घरातून शाळेत फोन गेला असेल. तेव्हापासून भारतातले नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतात, 'अगं, तिथे हे थांबत का नाही?' त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हा लेख. पण माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. बंदूक विकत कोणी घ्यावी, यावर अमेरिकेत पन्नास वर्षं वाद चालू आहे. घेतलेली बंदूक रात्री घरात कुठे असते आणि तिच्यासाठी जबाबदार कोण, हे मात्र कायद्याने फार थोड्या ठिकाणी विचारलं. मृत्यूंचा मोठा भाग याच न विचारलेल्या प्रश्नात आहे.

आधी आकडे पाहू, कारण बातम्यांतून मनात तयार झालेलं चित्र आणि खरं चित्र यांत फरक आहे. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. शाळेत, मॉलमध्ये, मिरवणुकीत होणारे हल्ले आपण टीव्हीवर पाहतो, त्यांचा या संख्येतला वाटा अगदी लहान आहे. खून १७,९२७ होते. आणि आत्महत्या सुमारे २७,३००. म्हणजे दर दहांतले जवळपास सहा मृत्यू असे, की चाप ओढणारा आणि मरणारा माणूस एकच. उरलेल्या थोड्या मृत्यूंमध्ये अपघात आणि पोलिसांच्या गोळीबाराचे बळी येतात. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये २०२० सालापासून बंदूक हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. त्याआधी कित्येक दशकं ती जागा मोटार अपघातांची होती.

आता बंदुका किती आहेत, ते बघा. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून जास्त. त्या सगळ्यांकडे सारख्या नाहीत. प्यू या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण दिलं. शिकारीचं कारण त्याच्या निम्म्याहूनही कमी जणांनी दिलं. हा बदल महत्त्वाचा आहे. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि ग्रामीण भागात कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. शिकारीची लांब रायफल वर्षातून काही दिवस बाहेर निघते, एरवी कपाटात बंद असते. 'चोर आला तर' म्हणून घेतलेलं पिस्तूल मात्र हाताशी हवं असतं. उशाखाली, पलंगाच्या खणात किंवा गाडीच्या कप्प्यात, भरलेलं. घरात मूल असलं, तरी. २०२१ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि बिनकुलपाची आहे.

विकत घेणं किती सोपं आहे? परवानाधारक दुकानात गेलात तर एक अर्ज भरून द्यावा लागतो. दुकानदार तुमचं नाव एफबीआयच्या यंत्रणेत तपासतो. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला, जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेला, न्यायालयाने मनोरुग्णालयात पाठवलेला माणूस असेल तर नकार मिळतो. बहुतेकांची तपासणी काही मिनिटांत संपते. ही पद्धत १९९३ च्या ब्रेडी कायद्याने आणली. राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्यावर १९८१ मध्ये हल्ला झाला, तेव्हा त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा हा कायदा व्हायला पुढची बारा वर्षं गेली. तरीही तो लागू होतो फक्त परवानाधारक विक्रेत्याला. एका खाजगी माणसाने त्याच राज्यातल्या दुसऱ्याला बंदूक विकली तर संघराज्याचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी स्वतःचे कडक नियम केले आहेत, पण अनेक राज्यांत तेही नाहीत.

आपल्याकडे उलट आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९ चा. परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, शस्त्र कशासाठी हवंय हे पटवून द्यायचं, पोलीस चौकशीला घरी येणार. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या कायद्याच्या मुळाशी बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे. अमेरिकेत ती हक्क आहे, आणि ज्याला हक्क हवाय त्याला कारण विचारता येत नाही.

तो हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत एका वाक्यात आहे. त्याचा आशय असा: मुक्त राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होऊ नये. वाक्याचा पहिला अर्धा भाग महत्त्वाचा की दुसरा, यावर दोनशे वर्षं चर्चा झाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवलं, की हा व्यक्तीचा स्वतःचा हक्क आहे, नागरी सेनेशी संबंध असो वा नसो. या खटल्याचा एक भाग बाहेर फारसा सांगितला जात नाही. वॉशिंग्टन शहराच्या कायद्यात घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्ती होती. तीही न्यायालयाने रद्द केली, कारण संकटाच्या क्षणी ती वापरता येणार नाही. पण न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्याच निकालात लिहिलं, की अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियम यामुळे आपोआप बाद होत नाहीत. म्हणजे दार बंद झालं नाही. अंगावर बाळगा किंवा कुलपात ठेवा, एवढंच म्हणणारे कायदे राज्यं आजही करू शकतात. सगळी राज्यं ते करत नाहीत, एवढाच प्रश्न आहे. मुलांच्या हाती बंदूक लागू नये यासाठी मालकाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. आज जवळपास निम्म्या राज्यांत असा कुठला ना कुठला कायदा आहे. देशभर लागू होणारा एकही नाही.

मग ऑक्सफर्डच्या दुकानदाराने ते केबल लॉक का दिलं? त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

२००५ साली अमेरिकी काँग्रेसने बंदूक उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. बंदुकीचा गुन्ह्यात गैरवापर झाला तर, काही अपवाद वगळता, बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही, असा त्याचा गाभा. त्याआधी काही शहरांनी कंपन्यांवर खटले भरले होते, त्यांना यामुळे खीळ बसली. याच कायद्यात एक छोटं कलम आहे: परवानाधारक विक्रेत्याने प्रत्येक पिस्तुलासोबत कुलूप किंवा सुरक्षित ठेवण्याचं काहीतरी साधन दिलं पाहिजे. द्यायची सक्ती आहे. लावायची नाही. म्हणून देशातल्या लाखो घरांत ही पाकिटं मालकाने कधीही न उघडता खणांत पडून आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रत्येकाने आपापलं काम केलेलं आहे.

बाकीच्या वस्तूंच्या बाबतीत अमेरिका इतकी सैल नाही. ग्राहक वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ मध्ये आयोग स्थापन झाला. पाळणा, सायकलचं हेल्मेट, खेळण्यातले सुटे भाग अशा हजारो वस्तूंवर तो लक्ष ठेवतो. बंदुका आणि काडतुसं त्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. खेळण्यातलं पिस्तूल मुलासाठी धोकादायक आहे की नाही, हे सरकार तपासतं. खऱ्या पिस्तुलाची रचना कशी असावी, हे सांगण्याचा अधिकार त्या आयोगाला नाही. मोटारींचा अनुभव आठवून पाहा. साठच्या दशकापर्यंत अपघात म्हणजे बेदरकार चालकाचा दोष, असंच समजत. मग पट्टे आले, एअरबॅग आल्या, रस्ते बदलले, दारू पिऊन चालवणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू झाली, आणि तेवढ्याच अंतरामागे मरणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. मोटारी कोणी काढून घेतल्या नाहीत. बंदुकीच्या बाबतीत तसा अभ्यास करायलाच अडथळा आला. १९९६ च्या डिकी दुरुस्तीने रोगनियंत्रण केंद्राला बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करणाऱ्या कामावर पैसे खर्च करायला मनाई केली, आणि धास्तावलेल्या संस्थेने या विषयावरचं संशोधनच जवळपास सोडून दिलं. काँग्रेसने पुन्हा निधी दिला तो २०२० च्या अर्थसंकल्पात, अडीच कोटी डॉलर, दोन संस्थांत वाटून. मधली वीसहून अधिक वर्षं गेली ती गेली.

मालकाची जबाबदारी दुकानाच्या काउंटरवर कशी संपते, हे पाहायचं असेल तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जावं. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग तिथल्या सरकारी केंद्रातून काढला जातो. पोलीस क्रमांक कळवतात. कर्मचारी आधी कंपनीला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला. दुकानातला कागद काढून पहिल्या ग्राहकाचं नाव मिळतं. दुकान बंद झालं असेल तर त्याची कागदपत्रं खोक्यांत भरून या केंद्रात आलेली असतात. त्यांच्या प्रतिमा केलेल्या असल्या, तरी नाव टाकून शोधता येत नाही, कारण मालकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. माणसं पान पान उलटून शोधतात. आणि एवढं करून हाती येतं ते पहिल्या खरेदीदाराचं नाव. त्याने ती पुढे कोणाला विकली, की चोरीला गेली, याची नोंद बऱ्याच राज्यांत कुठेच नसते. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खाजगी मालकांकडून दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याच्या नोंदी आहेत. शिकागो किंवा डेट्रॉइटच्या एखाद्या गल्लीत वीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याला मारतो, तेव्हा त्याच्या हातातलं शस्त्र बऱ्याचदा अशाच कुठल्या तरी उघड्या गाडीतून, बिनकुलपाच्या घरातून आलेलं असतं. या खुनांमध्ये कृष्णवर्णीय तरुणांचा बळी लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाच्या कितीतरी पट जातो, आणि त्यांची नावं राष्ट्रीय बातम्यांत येत नाहीत.

निष्काळजीपणा किती सहज होतो, याचा एक आकडा विमानतळांवरून मिळतो. २०२३ मध्ये सुरक्षा तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडले गेलेले बहुतेक लोक सांगतात, की पिशवीत आहे हे विसरलोच. मला ते खरं वाटतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

आता आत्महत्यांकडे वळू, कारण कुलपाचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. अनेकांना वाटतं, की ज्याने ठरवलं तो काहीही करून जाणारच. अनुभव तसा नाही. टोकाचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि काही मिनिटांत, काही तासांत ओसरतो. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी साधारण नऊ जीव घेतात. ज्याला दुसरी संधी मिळाली असती, त्याला ती मिळत नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा बदल केला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांनी रायफल तळावरच ठेवायची. आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. सुट्टीच्या दिवसांतलं घटलं आणि बाकीच्या दिवसांतलं वाढलं नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ मध्ये एकाच दुकानातून आठवड्याभरात तीन अनोळखी माणसांनी बंदुका घेतल्या आणि तिघांनीही काही तासांतच स्वतःला संपवलं. दुकानाचा मालक हादरून गेला. त्याने आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी मिळून दुकानदारांसाठी माहितीपत्रकं तयार केली: ग्राहक कसा बोलतोय हे बघा, शंका आली तर विकू नका, घरात कोणी कठीण काळातून जात असेल तर बंदूक काही दिवस मित्राकडे ठेवायला सांगा. मग ही कल्पना इतर राज्यांतल्या दुकानांपर्यंत गेली. बंदूकधारकांनीच बंदूकधारकांना सांगितल्यामुळे ती ऐकली गेली, असं मला वाटतं. (तुमच्या मनात किंवा घरात कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.)

बंदूक हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दाही नीट ऐकायला हवा. माझी एक सहकारी दूरच्या शेतवस्तीवर एकटी राहते. पोलिसांना पोचायला अर्धा तास लागतो. ती म्हणते, कुलूप उघडेपर्यंत चोर थांबेल का? प्रश्न खोटा नाही. पण आता बोटाच्या ठशाने किंवा चार आकड्यांनी काही सेकंदांत उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात. तिच्या पलंगाशी तशी एक आहे. भाचरं येतात, तेव्हा ती मोठ्या तिजोरीची किल्ली गळ्यात घालते. अमेरिकेत असे लोक खूप आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, हे नियम त्यांनी लहानपणी वडिलांकडून शिकलेले असतात. त्यांना शत्रू समजून हा प्रश्न सुटणार नाही.

ऑक्सफर्डचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मुलगा आजन्म तुरुंगात आहे. काउंटीच्या सरकारी वकील कॅरन मॅक्डोनाल्ड यांनी तोपर्यंत कोणी न केलेली गोष्ट केली. त्यांनी आईवडिलांवर, दोघांवर वेगवेगळा, मनुष्यवधाचा खटला भरला. खून करायचा हेतू नव्हता, पण घोर निष्काळजीपणामुळे माणसं मेली, असा आरोप. त्या वेळी मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा नव्हता, म्हणून हा जुना आधार घ्यावा लागला. वडिलांच्या खटल्यात मॅक्डोनाल्ड यांनी ज्युरीसमोर ते पिस्तूल हातात घेतलं आणि केबल लॉक ओवून दाखवलं. काही सेकंदांचं काम. घरातल्या तिजोरीबद्दलही साक्ष झाली. तिचा कोड कारखान्यातून येतो तोच होता, तीन शून्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये आई दोषी ठरली, मार्चमध्ये वडील, आणि एप्रिलमध्ये दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक हत्याकांडासाठी हल्लेखोराच्या आईवडिलांना मनुष्यवधाबद्दल दोषी धरल्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. आईच्या ज्युरीतल्या एकीने नंतर सांगितलं, की ते पिस्तूल शेवटचं हाताळणारी मोठी व्यक्ती तीच होती, ही गोष्ट निर्णायक ठरली.

मला हा निकाल योग्य वाटतो, पण तो पुरेसा नाही. शिक्षा चार मुलं गेल्यानंतर होते. आणि शिक्षेची भीती ज्यांना आधीच काळजी आहे त्यांनाच जास्त वाटते. व्हर्जिनियात जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने पहिलीच्या वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली, पिस्तूल आईचं होतं. जॉर्जियात सप्टेंबर २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाने शाळेत चौघांना मारलं. रायफल वडिलांनी नाताळची भेट म्हणून दिलेली, आणि तिथेही वडिलांवर खटला भरला गेला. कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेत २०१२ साली वीस लहान मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले, त्या हल्लेखोराने वापरलेली रायफलही त्याच्या आईची होती, आणि पहिली गोळी त्याने घरात तिच्यावरच झाडली. तिथल्या कुटुंबांनी २००५ च्या संरक्षक कायद्यातली एक फट शोधली. रायफलची जाहिरात ज्या प्रकारे केली, ती राज्याच्या कायद्याविरुद्ध आहे, असा दावा त्यांनी लढवला. रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या विमा कंपन्यांना २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले.

मिशिगनने कायदा केला २०२३ मध्ये, आणि १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच तारखेला मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी गोळीबारात गेले होते. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलपात हवी. मुलाच्या हाती लागून कोणाचा जीव गेला, तर मालकाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास. अशा कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळ्या कमी होतात, याला रँड या संशोधन संस्थेने तपासलेल्या अभ्यासांतून चांगला आधार मिळाला आहे. २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एक लाख लोकांमागे बंदुकीने ३.४ मृत्यू झाले, मिसिसिपीत ३३.९. गरिबी, वस्ती, बंदुकांची संख्या असे बरेच फरक त्यामागे आहेत, सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण मॅसॅच्युसेट्समध्ये कुलूप लावणं गेली कित्येक वर्षं सक्तीचं आहे, हेही त्या फरकाचा भाग आहे.

इथे राहणाऱ्या मराठी घरांना एक गोष्ट सांगायची आहे. मूल कोणाकडे खेळायला जाणार असेल, तर आपण शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल सांगतो, पोहण्याचा तलाव आहे का विचारतो. तसंच विचारायचं, 'घरात बंदूक आहे का, आणि असल्यास कुलपात आहे का?' पहिल्यांदा विचारताना माझी जीभ अडखळली होती, समोरच्याला काय वाटेल म्हणून. शेजारचे गृहस्थ शिकारी आहेत. त्यांनी मला सरळ तळघरात नेऊन तिजोरी दाखवली, काडतुसं वेगळ्या कपाटात होती तीही दाखवली. आता त्यांच्या मुलीला आमच्याकडे पाठवताना ते मलाही विचारतात.

आणि आपली घरं यातून बाहेर आहेत, असं समजू नका. भारतीय घरांत सोनं असतं हे हेरून घरफोड्या करणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या इथे अधूनमधून येतात. मागच्या दिवाळीत ओळखीचे एक काका जेवताना सहज म्हणाले, की त्यांनी पिस्तूल घेतलंय. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये हलवले, आणि पिस्तूल पलंगाच्या खणात.

"काका, भरलेलं आहे?"

"अगं, भरलेलं नसेल तर घेऊन उपयोग काय?"

त्यांची नातवंडं दर रविवारी तिथे असतात. मी पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून फुकट मिळणारं केबल लॉक घेऊन गेले. काकांनी आधी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, मग तार ओवली. कुलूप लागलं. किल्ली कुठे ठेवायची, यावर मात्र काकू म्हणाल्या, की घरातली अशी एकही जागा नाही जी मुलांना माहीत नाही, चॉकलेटचा डबा तिसऱ्यांदा हलवलाय. त्याच संध्याकाळी त्यांनी आकड्यांची छोटी तिजोरी मागवली. मी निघाले तेव्हा दोघं कोड काय ठेवायचा ते ठरवत होते. नातवंडांच्या वाढदिवसाची तारीख नको, एवढं सगळ्यात आधी ठरलं.